लाल मातीचा घट

दुष्काळ पडला की लोक रडतात. आमच्या साहेबांनी तो खास बांधून घेतला होता.

मऊरानीपूरच्या रस्त्याला, झाशी सुटून थोडं पुढे गेलं की एका गावाचं गायरान लागायचं. लाल, भरड मातीचा उघडा माळ, त्यावर कुसळी आणि दोन-तीन जातींचं रानगवत. त्या गायरानाचा एक कोपरा एका न्यासाने गावाकडून संशोधनासाठी मागून घेतला होता. तिथे लोखंडी खांबांवर प्लास्टिकची उतरती छपरं उभारली होती, त्यांना पन्हाळी लावल्या होत्या, आणि छपरांखाली गवताचे चौकोनी वाफे राखले होते. पावसाचं पाणी छपरावर पडणार, पन्हाळीतून नालीत जाणार आणि नालीतून माळाबाहेर. शेजारी तसेच वाफे उघडे. म्हणजे छपराखाली दुष्काळ आणि बाजूला सुकाळ असा एकूण बेत. दुष्काळात गवताच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीचं काय होतं ते आम्हाला शोधायचं होतं, आणि त्यासाठी शहरात एका भाड्याच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती.

बुरशी म्हटलं की घरोघरी लोणच्याची बरणी आठवते आणि लोक सांगणारीकडे जरा लांबूनच बघतात. ही बुरशी तसली नाही. ती गवताशी वाट्याने शेती करते. मूळ जिथे शिरत नाही अशा मातीच्या बारीक फटींत हिचे केसाहून बारीक धागे जातात, तिथला ओलावा आणि स्फुरद ओढून गवताला देतात. गवत उन्हात केलेली साखर हिला देतं. पाऊस ओढ देतो तेव्हा बुरशी गवताला तगवते, कारण फटींतलं शेवटचं पाणी तिलाच सापडतं. पण दुष्काळ लांबला की गवत पान मिटून घेतं, साखर आटते, मातीतले धागे तुटतात, आणि बुरशी खसखशीहून बारीक असे गोल बीजाणू करून मातीत पडून राहते. मेली असं कुणालाही वाटावं इतकी गप्प. ती मेली आहे की नुसती पडून आहे हे सांगता यावं, एवढ्यासाठीच आम्हाला पगार मिळत होता.

माझं काम सूक्ष्मदर्शकापाशी. गवताची मुळं धुवायची, औषधात शिजवून त्यांचा रंग घालवायचा, मग निळ्या रंगात बुडवून काचेवर पसरायची. बुरशी असली तर मुळाच्या आत निळे धागे दिसतात आणि त्यांना झुडपासारखे बारीक फाटे फुटलेले असतात. नसली तर मूळ कोरं. लग्न होऊन मी झाशीत आले तेव्हा सासरच्या मंडळींना वाटलं होतं की सून शाळेत शिकवेल. सून मुळं शिजवते, हे सासूबाईंनी नात्यागोत्यात बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

साहेब मूळचे कुठले ते सांगत नाही, सांगून त्या गावाचा काय दोष. गवतावर त्यांनी डॉक्टरेट केली होती, पण माळावर आले तरी गाडीची काच खाली करून गवताकडे बघायचे आणि काच वर करून परत जायचे. उन्हाने त्यांना त्रास होई. टेबलावर मात्र त्यांच्या हाताखाली अख्खा बुंदेलखंड हिरवा व्हायचा.

तर छपरं उभी राहिली आणि पाऊसच फसला. लागोपाठ फसत राहिला. इथे हे काही आक्रीत नव्हे, पण साहेबांना तो स्वतःचा अपमान वाटला. उघड्या वाफ्यांत सुकाळ हवा होता, तिथलं गवत तर बुडापर्यंत करपलं. छपराखालचं मात्र बुडाशी थोडं हिरवं राहिलं, कारण प्लास्टिकची का होईना, सावली होती, आणि माती तेवढी कमी तापत होती. म्हणजे आम्ही बांधलेला दुष्काळ देवाने पाठवलेल्या दुष्काळापेक्षा मवाळ निघाला. गावातल्या कुत्र्यांना हे आमच्या आधी कळलं होतं. ती दुपारभर आमच्या दुष्काळात झोपायची.

मी सुचवलं की छपरं काढून टाकू या, खरा दुष्काळ दारात आलाय तर तोच मोजू. साहेब म्हणाले की मंजुरी छपरांना मिळाली आहे. मग त्यांनीच तोड काढली. उघड्या वाफ्यांना टँकरने पाणी घालायचं, म्हणजे तिथे सुकाळ होईल. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

टँकर गावातून जायचा. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, हातपंप नुसते कण्हत होते. पहिल्या दिवशी टँकर दिसल्यावर बायका कळशा घेऊन मागे पळाल्या आणि थेट आमच्या वाफ्यांपाशी येऊन थांबल्या. चौकीदाराने काठी आडवी धरून सांगितलं की हे पाणी घास के लिए आहे. त्या बायकांत एक होती, माझ्याहून थोडी मोठी, नवरा दिल्लीकडे मजुरीला गेलेला, घरी आंधळी सासू आणि बकऱ्या. मागे गाय होती, ती दुष्काळाने नेली. बकऱ्यांच्या दुधावर आणि वर्षाकाठी विकलेल्या बोकडांवर तिचं घर चाललं होतं, आणि बकऱ्या गायरानावर. तिने कळशी कमरेवरून खाली ठेवली आणि मला विचारलं, "घास पानी पीहै, और हम?"

टँकरचा ड्रायव्हर माणूस बरा होता. दुसऱ्या दिवसापासून तो गावात गाडी हळू करायचा, नळी सोडायचा, आणि उरलेलं पाणी आमच्याकडे आणायचा. साहेबांनी उघड्या वाफ्यांची ओल पाहिली आणि कपाळाला आठी घालून म्हणाले की यंदा कंट्रोलमध्ये पाऊस सरासरीपेक्षा कमी पडतोय. हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. पुढे तहसिलीने सगळे टँकर गावांसाठी ताब्यात घेतले आणि आमचा सुकाळ एका आठवड्यात संपला. साहेबांनी त्यालाही इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव दिलं.

प्रयोगाचे असे तीनतेरा वाजले. दिवाळीनंतर दिल्लीहून समिती येणार होती, आणि तिला दाखवायला काही नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी साहेबांची नजर आमच्या कोपऱ्यावरून उठून शेजारच्या गायरानावर गेली. त्यांनी ठरवलं की दुष्काळाने गायरानाची माती मेली आहे, तिच्यातली बुरशी संपली आहे, तेव्हा ती ट्रॅक्टरने नांगरायची, बाहेरून आणलेल्या बुरशीची पावडर तिच्यात मिसळायची, सुधारित गवत पेरायचं आणि कुंपण घालायचं. समितीच्या हस्ते नांगराला नारळ फोडायचा. सरपंचाला कमान आणि मंडप मिळणार होता, तो लगेच राजी झाला.

माती मेली हे कसं ठरवलं ते ऐका. आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने येत, ते वर्षानुवर्षांच्या शिस्तीप्रमाणे आधी तापत्या भट्टीत ठेवून खडखडीत वाळवत, मग चाळत, आणि चाळणीवर राहिलेली मुळं कचरा म्हणून फेकून देत. खतांचा हिशोब बघायचा तर ही रीत बरोबर. साहेबांनी गायरानाची माती त्याच रीतीने भाजली, तिच्यातली मुळं फेकली, आणि मग तिच्यात बुरशी जिवंत आहे का ते तपासायला माझ्याकडे पाठवली. भाकरी तव्यावर करपवायची आणि मग पीठ भिजेल का विचारायचं, त्यातली ही गत. मी जाऊन सांगितलं की भट्टीतून तुम्ही गेलात तर तुम्हीही जिवंत निघणार नाही. हे मी हिंदीत सांगितलं, जरा अदबीने सांगितलं, पण सांगितलं हेच. ते म्हणाले, "मैडम, प्रोसीजर तो प्रोसीजर है।"

न भाजलेली माती आणून, कुंड्यांत ज्वारी लावून बघते, अशी मी परवानगी मागितली. ती सोपी तपासणी आहे. मातीत बीजाणू तगून असतील तर कोवळ्या मुळांची चाहूल लागताच ते जागे होतात आणि महिन्याभरात मुळांत निळे धागे दिसतात. साहेबांनी पाण्याची टंचाई पुढे केली. गवताला टँकर घालणाऱ्या माणसाला कुंडीभर पाण्याची काळजी वाटू लागली. कुंड्या लावायच्या नाहीत आणि नमुने बाहेर न्यायचे नाहीत, असं त्यांनी वर बजावलं.

त्या आठवड्यात मी माळावर गेले तेव्हा ती बाई वाट बघत होती. ट्रॅक्टरची बातमी गावात पोचली होती. तिच्याकडच्या बकऱ्या करपलेल्या कुसळीचे बुडखे दाताने ओढत होत्या. आमच्या पुस्तकांत त्या गवताला मेलेलं म्हणतात, बकऱ्यांनी पुस्तकं वाचलेली नसतात.

"जोत दैहैं तो हमाई छिरियाँ कितै जैहैं, बिन्नू?" तिने विचारलं.

छिरिया म्हणजे बकरी. नांगरलं तर माझ्या बकऱ्या कुठे जातील, असं ती विचारत होती. बिन्नू म्हणजे धाकटी बहीण, लेक. मला त्या हाकेने फार अवघडायला झालं. मी तिला सांगितलं की माती मेलेली नाही असं मला वाटतं आणि ते मी सिद्ध करून दाखवणार आहे, मग कुणी नांगर घालणार नाही. मी वाकून कुसळीच्या बुडाशी खणलं आणि मुळांसकट पिशवीभर लाल माती घेतली.

नवरात्र तोंडावर आलं होतं. आमच्या घरी घट बसतात, झाशीत आले तेव्हापासून बसतात, आणि हे घराणं झाशीत कधी आलं ते सासूबाईंना पेशव्यांपासून सांगायला आवडायचं. पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस पाणी शिंपडायचं. दसऱ्याला वीतभर पिवळे कोंब येतात. देवीसमोर कुंडी लावायला मला साहेबांची परवानगी लागणार नव्हती.

पण सासूबाईंची लागणार होती. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"ही लाल माती? घटाला काळी माती लागते गं. ही तुळशीला घाल नाहीतर भांडी घास."

काळी माती त्यांना दरवर्षी एका ओळखीच्या शेतातून यायची. मी बुरशीचं नाव काढलं असतं तर पिशवी थेट रस्त्यावर गेली असती. मी म्हटलं, आई, ही गायरानातली माती आहे, गाईंच्या पायाखालची. मग त्यांनी पिशवी उचलून देवघराच्या उंबऱ्याशी ठेवली आणि मला हात धुवायला पाठवलं. गाई त्या गायरानावर दोन वर्षांत फिरकल्या नव्हत्या, होत्या त्या बकऱ्या. पण देवीला ते ठाऊक असणारच आणि तिने हरकत घेतली नाही.

एवढ्याने भागत नव्हतं. खात्री करायची तर एक कुंडी अशीही हवी, जिच्या मातीत बुरशी नक्की मेलेली आहे. प्रयोगशाळेतलं वाफेचं यंत्र माझ्या हाती लागणार नव्हतं, म्हणून मी घरच्या कुकरला माती लावली. सासूबाई शिट्ट्या ऐकून स्वयंपाकघरात आल्या आणि इतक्या शिट्ट्या झाल्या तरी वरण का होत नाही असं विचारलं. मी झाकण उघडून दाखवलं. त्या कुकरमध्ये त्यांनी पुढे सहा महिने डाळ शिजवू दिली नाही. माझ्या नवऱ्याने नवीन कुकर आणला आणि दोन्ही बाजूंकडून मोठेपणा मिळवून गेला.

कुकरमधल्या मातीत ज्वारी गच्चीवर एका कुंडीत लावली आणि गायरानाच्या मातीत देवघरात. सासूबाईंनी त्यात त्यांचे गहू आणि जव मिसळले, तेही चाललं, बुरशीला तेवढा सोवळेपणा नसतो. नळाला पाणी दिवसाआड यायचं. सासूबाई आधी घटाचं पाणी काढून ठेवायच्या आणि मग आमच्या आंघोळींचा विचार करायच्या. न्यासाने दिलं नाही इतकं पाणी त्या मातीला देवीने मिळवून दिलं.

हळदीकुंकवाला बबीन्याच्या छावणीतून फौजी घरांतल्या मराठी बायका आल्या. त्यांतल्या एकीने घट बघून भाबडेपणाने म्हटलं की आमच्याकडे सातारला काळी माती असते. सासूबाई ताठ बसल्या. आमच्या घराण्यात पहिल्यापासून लालच असते, गायरानातली, असं त्यांनी सांगितलं, आणि वर हेही की हल्ली लोकांना रीती माहीत नसतात. मी पान-सुपारीचं तबक फिरवत होते. कालपर्यंत जी भांडी घासायची माती होती तिचं घराणं एकाच संध्याकाळी पेशव्यांपर्यंत गेलं होतं.

दसऱ्याला कोंब उपटायचे, देवाला वाहायचे, पुरुषांनी टोपीत आणि बायकांनी वेणीत खोवायचे आणि उरलेला घट लक्ष्मी तालाच्या तळ्यात शिरवायचा ही रीत. मला तर ती रोपं दिवाळीपर्यंत जगवायची होती. त्यावरून आमचं भांडण झालं, खरंखुरं. उठलेला घट घरात ठेवणं म्हणजे गेलेल्या पाहुणीला कोंडून ठेवणं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. शेवटी अर्धा घट तालावर महालक्ष्मीपाशी गेला आणि अर्धा, माझ्या पापाचा म्हणून, गच्चीवर कुकरच्या कुंडीशेजारी गेला. पुढचा महिनाभर घरात कुणालाही शिंक आली की सासूबाई गच्चीच्या जिन्याकडे बघायच्या.

दिवाळी झाल्यावर मी दोन्हींकडची मुळं डब्यात घालून प्रयोगशाळेत नेली आणि साहेब बाहेर असताना शिजवली, रंगवली, काचेवर घेतली. कुकरच्या मातीतली मुळं कोरी होती. देवघराच्या मातीतल्या मुळांत निळे धागे टोकापासून टोकापर्यंत पसरले होते, जागोजाग झुडपं फुटली होती. दोन पावसाळे कोरडे गेलेली, बकऱ्यांनी तुडवलेली, साहेबांनी मेली म्हणून जाहीर केलेली ती बुरशी चार गव्हाच्या मुळांसाठी उठून कामाला लागली होती. मला फार आनंद झाला. त्या नोकरीत तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

मी त्याच दुपारी बस धरून माळावर गेले आणि त्या बाईला सांगितलं, जमीन ज़िंदा है. ती हसली. तिने घरातून मूठभर वाळलेली बोरं आणून माझ्या पदरात घातली, आणि आंधळ्या सासूला ओरडून ती बातमी सांगितली. मी बोरं खात परत आले.

समिती आली तेव्हा मी दोन काचा सूक्ष्मदर्शकांखाली आधीच लावून ठेवल्या. साहेबांनी मला डोळ्यांनी दटावलं, पण दिल्लीचे पाहुणे तोवर वाकून बघू लागले होते. मी सरळ सांगितलं. ही वाफवलेल्या मातीतली मुळं, ही न वाफवलेल्या. गायरानाची माती जिवंत आहे, तिला नांगर घातला तर मातीत टिकून राहिलेलं हे जाळं आणि गवताचे जिवंत बुडखे, दोन्ही आपल्या हाताने मारले जातील. नुसता पाऊस पडू द्या, गवत आपणहून उठेल. हा आमच्या घरच्या घटात वाढलेला गहू आहे, हे मी सांगितलं नाही.

पाहुण्यांपैकी ज्येष्ठ होते ते बराच वेळ बघत राहिले आणि कमाल है असं म्हणाले. साहेबांनी तेवढ्यात वारा ओळखला. चहा येईपर्यंत ते पुरते बदलले होते. त्यांनी समितीला समजावून दिलं की आमचा हाच तर्क होता, इतका दुष्काळ सोसून राहिलेली ही बुरशी दुर्मिळ आहे, असाधारण आहे, आणि नांगराचा विचार तर केव्हाच मागे पडला आहे. सकाळी मेलेली माती चहाच्या वेळेला राष्ट्राची ठेव झाली होती. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे मी ऐकून होते, पण बिळाला अभिनंदन करायला लावणारा नागोबा मी तेव्हाच पाहिला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी मनात म्हटलं, घेऊ दे श्रेय, नांगर टळला ना.

नांगर टळलाच. त्याऐवजी तारा आल्या. दुर्मिळ बुरशीचं संरक्षण करायचं तर बकऱ्यांच्या खुरांपासून करायला हवं, हे साहेबांना समितीच्या पत्रातून सुचलं होतं की त्यांचं त्यांना, ते विचारण्यात अर्थ नाही. थंडी संपायच्या आत सगळ्या गायरानाभोवती काटेरी कुंपण झालं, फाटक झालं, फाटकावर संरक्षित क्षेत्र असा फलक लागला आणि दुष्काळाची राखण करणारा चौकीदार काठी घेऊन तिथे बसला. सरपंचाला कमान मिळाली. मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. मी म्हटलं की ही बुरशी आणि हे गवत चराईतच वाढलेलं आहे, बेतानं चरू दिलं तर काही बिघडत नाही. ते म्हणाले की रिपोर्ट तर तुमचाच आहे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. तारांच्या आत कुसळी कमरेइतकी वाढली, पिकली, वाळली आणि आडवी झाली. आगीच्या भीतीने साहेबांनी ती कापवली. तिचा लिलाव करायला वरून मंजुरी यायची होती, ती येईपर्यंत ढीग जागच्या जागी कुजला. एक काडी कुणाच्या तोंडात गेली नाही.

ते गवत अजून उभं होतं तेव्हाच, नवरात्राच्या आधी, मी माती आणायला गेले, कारण सासूबाईंचा आता आग्रह होता की घटाला लालच माती हवी, घराण्याची रीत आहे. चौकीदाराने मला बसायला स्टूल दिलं, जी-जी केलं, पण साहेबांच्या चिठ्ठीशिवाय माती देता येणार नाही म्हणाला. त्या बाईची चौकशी केली तेव्हा कळलं की तिने उन्हाळ्याच्या आधीच सगळ्या बकऱ्या मऊरानीपूरच्या बाजारात नेऊन विकल्या आणि आता ती शहरात कामाला जाते. मी मोकळी पिशवी घेऊन परत आले.

ती मला दोन दिवसांनी बड्या बाजारात भेटली. मी नाडाछडी आणि कापूर घ्यायला गेले होते, ती एका धान्याच्या दुकानापुढे बसून चणे पाखडत होती. तोंडावर भुसा बसला होता, आधी मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि घरचं विचारलं. सासू गेली होती. नवरा दिल्लीतच होता. बकऱ्यांचं मी विचारलं नाही. सूप हलवता हलवता तिने विचारलं की त्या जमिनीचं काय, अजून जिवंत आहे का.

आहे म्हटलं. गवतही कमरेएवढं आलंय, असंही मी सांगून बसले.

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. टँकरच्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. साहेबांकडे मी वर्षानुवर्षं ज्या नजरेने बघत आले होते, ती नजर मी चांगली ओळखते.

"जिंदा है," ती म्हणाली, "तो अब तुमई चर लो, बिन्नू।"

मग तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडू लागली. मला तिचा राग आला, आणि तो घरापर्यंत टिकला नाही. त्या वर्षी घटाची माती मी बाजारातूनच विकत घेतली. पुडीतली, काळी.